तेल, पाणी आणि चिमूटभर भुकटी : घन कणांमुळे द्रवांचे वेगळे होणे कसे बदलते, हे स्वतः तपासण्याची रीत

लोणी येईनासे झाले की आमच्या घरी आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पाणी कसलं घातलंस?" उन्हाळ्यात माठातले गार आणि थंडीत कोमट, हा तिचा नेम होता. त्यामागचे कारण तिने कधी सांगितले नाही. ते मला रसायनशास्त्र शिकताना उमगले. विरजलेल्या सायीत चरबीचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात आणि त्या प्रत्येक थेंबातली काही चरबी द्रव, तर काही बारीक स्फटिकांच्या रूपात घन असते. घुसळताना दोन थेंब एकमेकांवर आपटले की एकाच्या पृष्ठातून डोकावणारा स्फटिक दुसऱ्याच्या आवरणात सुईसारखा घुसतो आणि आतली द्रव चरबी पाझरून दोघांना सांधते. सायीत फार गरम पाणी पडले तर स्फटिक वितळतात आणि सुईच उरत नाही. फार गार पडले तर सगळे गोठते आणि सांधायला द्रव चरबी उरत नाही. लोण्याचा गोळा वर आणि ताक खाली, हे विभाजन घन कणांनी घडवून आणलेले असते.

आता याच्या उलट उदाहरण. दिव्याची काजळी तेलात कालवून त्यात पाणी घालावे आणि बाटली जोरात हलवावी. एरवी काही मिनिटांत वेगळे होणारे पाणी काळ्या थेंबांच्या रूपात तेलातच अडकून राहते. इथे घन कणांनी विभाजन अडवले. मग घन कण द्रवांना वेगळे करतात की एकत्र धरून ठेवतात? याचे एका शब्दात उत्तर नाही. कोणते कण, किती आणि केवढे, आणि दोन्ही द्रवांपैकी कोणता त्यांना अधिक भिजवतो, एवढे कळले की निकाल बऱ्यापैकी आधीच सांगता येतो. तो सांगता यावा यासाठी पुढचे प्रयोग आहेत. बहुतेक स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होतील. एक मात्र प्रयोगशाळेतच करावयाचा आहे.

घन विरघळतो की नाही?

हा प्रश्न आधी निकालात काढावा, कारण इथे गल्लत झाली की पुढचे सगळे अनुमान चुकते. महाराष्ट्रात ज्यांनी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतले त्यांना फिनॉल आणि पाण्याचे प्रात्यक्षिक आठवत असेल. दुधाळ मिश्रण तापवत न्यावे, एका तापमानाला ते एकाएकी नितळ होते, निववत आणले की पुन्हा गढूळ होते. योग्य प्रमाण घेतल्यास हे तापमान साधारण ६६ ते ६८ अंश सेल्सियसच्या आसपास येते आणि त्याला क्रांतिक द्रावण तापमान म्हणतात. त्याच्या वर दोन्ही द्रव कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. त्यात चिमूटभर मीठ घातले तर हे तापमान चढते, कारण मीठ पाण्यात विरघळते, फिनॉलमध्ये नाही, आणि पाण्याला स्वतःकडे ओढून घेते. विरघळणारा घन असा समतोलच बदलतो. द्रव वेगळे व्हायचे की नाही, हेच तो नव्याने ठरवतो.

न विरघळणाऱ्या कणांचे काम निराळे आहे. ते थोडे असतील तर समतोलाचे तापमान जवळपास जिथल्या तिथे राहते; बदलतो तो वेगळे होण्याचा वेग, थेंबांचा आकार आणि शेवटी तयार होणारी रचना. मीठ घालून काही बदलले आणि माती घालूनही काही बदलले, म्हणून दोन्हींना एकच कारण लावणे ही मी विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये सर्वाधिक पाहिलेली चूक आहे. (फिनॉल त्वचेला भाजतो आणि त्वचेतून शरीरात भिनतो. हा प्रयोग घरी करू नये. प्रयोगशाळेतही हातमोजे आणि चष्मा घालूनच करावा.)

समतोल बदलणारा घन घरी पाहायचा असेल तर औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. ते पाण्यात पूर्ण मिसळते. त्या मिश्रणात साधे मीठ घालत आणि हलवत जावे. तळाशी थोडे मीठ न विरघळता उरेपर्यंत घातले की वर अल्कोहोलचा आणि खाली खाऱ्या पाण्याचा असे दोन थर दिसू लागतात. जवळपास विस्तव नसावा, एवढे पथ्य पाळावे.

सामान आणि भुकट्यांची तयारी

सुमारे ५० मिलिलिटरच्या, घट्ट झाकणाच्या, एकसारख्या पाच काचेच्या बाटल्या लागतील. गोल बाटलीतून थेंब असतात त्यापेक्षा मोठे दिसतात, म्हणून चपट्या बाजूच्या मिळाल्या तर उत्तम. तेलासाठी औषधाच्या दुकानातले हलके लिक्विड पॅराफिन घ्यावे, असे माझे मत आहे. खाद्यतेल चालते, पण त्यात निसर्गतःच थोडी मेदाम्ले आणि इतर पृष्ठक्रियाशील (साबणासारखे सीमेवर जाऊन बसणारे) पदार्थ असतात, आणि मग श्रेय भुकटीला द्यायचे की त्यांना, हे कळत नाही. पाणी आर.ओ.चे किंवा ऊर्ध्वपातित घ्यावे. याखेरीज ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा हवा.

भुकट्या तीन. पहिली मुलतानी माती. ती पाकिटातून काढून तशीच वापरू नये, कारण तिच्यात वाळूचे जाड कण असतात. चमचाभर माती पेलाभर पाण्यात ढवळून दोन मिनिटे ठेवावी आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे. जाड कण खाली राहतात; ओतलेल्या पाण्यात बारीक कण येतात. ते पाणी आटवून वाळवले की वापरण्याजोगी माती मिळते. दुसरी भुकटी कॅल्शियम कार्बोनेट, रसायनांच्या दुकानातून आणलेली. फळ्यावरचा खडू कुटून वापरण्याचा मोह आवरावा, कारण तो बहुतेकदा जिप्समचा असतो. शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. फसफसले नाही तर तो शेवटच्या प्रयोगात उपयोगाचा नाही. तिसरी काजळी. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर ताम्हण किंवा स्टीलची ताटली उपडी धरून पूर्वी काजळ धरत, तसेच धरावे. यात वेळ फार जातो. मात्र काजळीचे कण अतिशय बारीक असल्यामुळे ०.१ ग्रॅमही पुरते. ती गोळा करताना नाकावर रुमाल बांधावा आणि पंखा बंद ठेवावा. मी पंखा बंद करायला विसरलो होतो, आणि भिंत पुसण्यात एक रविवार गेला.

कणाला कोण भिजवते?

प्रत्येक भुकटीची चिमूट आधी पाण्याच्या पृष्ठावर हलकेच भुरभुरावी. माती ओली होऊन लगेच खाली उतरते. काजळी कोरडीच तरंगत राहते, बोटाने दाबली तरी चांदीसारखी चकाकून पुन्हा वर येते. ती चकाकी म्हणजे तिच्याभोवती अडकलेली हवा. म्हणजे माती जलस्नेही आणि काजळी जलद्वेषी ठरली.

या आवडीनिवडीचे माप म्हणजे स्पर्शकोन. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर कण बसला की त्याचा काही भाग पाण्यात आणि काही तेलात असतो. पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन ९० अंशांहून कमी असेल तर कण पाण्यात अधिक बुडालेला, जास्त असेल तर तेलात अधिक बुडालेला. सीमेवर बसलेला कण तिथून उपटून काढायला लागणारी ऊर्जा अशी मांडतात: π (पाय) गुणिले कणाच्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले आंतरपृष्ठ ताण (दोन द्रवांमधली सीमा आक्रसू पाहते ती ओढ), गुणिले (१ वजा स्पर्शकोनाची कोज्या, म्हणजे cos) याचा वर्ग. कोन ९० अंशांहून मोठा असेल तर कोज्येचे ऋण चिन्ह सोडून द्यावे.

हे सूत्र एकदा आकडे घालून पाहावेच, कारण सगळी मेख त्यात आहे. कणाची त्रिज्या अर्धा मायक्रोमीटर, आंतरपृष्ठ ताण दर मीटरला ०.०३ न्यूटन आणि कोन ९० अंश धरला तर ही ऊर्जा खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या पन्नास लाखांहून अधिक पट येते. त्रिज्या एक नॅनोमीटर, म्हणजे जवळपास रेणूच्या मापाची धरली तर ती जेमतेम २३ पट भरते. साबणाचे रेणू सीमेवर येत-जात राहतात, पण एकदा चिकटलेला कण आपणहून सुटत नाही, याचे कारण त्रिज्येचा हा वर्ग आहे. आणि कोन ९० ऐवजी ३० अंश असेल तर हीच ऊर्जा सुमारे पंचावन्नाव्या हिश्शावर येते. म्हणून पाण्याने पुरता भिजलेला किंवा तेलाने पुरता भिजलेला कण सीमेची राखण नीट करत नाही. दोन्हीकडे थोडाथोडा पाय ठेवणारा कण करतो.

बाटल्या हलवणे

पहिल्या बाटलीत १५ मिलिलिटर पाणी आणि १५ मिलिलिटर तेल घालावे, भुकटी काहीच नको. ही तुलनेची बाटली. ती वगळली तर बाकीच्या चार बाटल्या काहीच सिद्ध करत नाहीत. दुसरीत ०.३ ग्रॅम मुलतानी माती आधी पाण्यात नीट कालवून मग तेल घालावे. तिसरीत तसेच, पण पाण्यात ०.०५ ग्रॅम मीठही घालावे. चौथीत ०.३ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात कालवून मग तेल. पाचवीत ०.१ ग्रॅम काजळी आधी तेलात कालवावी आणि मग पाणी घालावे. भुकटी आधी कोणत्या द्रवात कालवली याला महत्त्व आहे: तिला ज्या द्रवातून सुरुवात मिळते तो द्रव बाहेरचा, म्हणजे सलग राहणारा, होण्याकडे झुकतो.

प्रत्येक बाटली सारख्याच जोराने, सेकंदाला एक याप्रमाणे ६० हिसके देऊन हलवावी, सपाट जागी ठेवावी आणि १ मिनिट, १० मिनिटे, १ तास व दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे छायाचित्र घ्यावे. नुसते छायाचित्र पुरत नाही; दर वेळी बाटलीमागे मोजपट्टी उभी धरून खालच्या नितळ पाण्याची, मधल्या गढूळ पट्ट्याची आणि वरच्या नितळ तेलाची उंची वहीत लिहावी.

तुलनेच्या बाटलीत थोड्याच वेळात दोन थर पडतात. मातीच्या बाटलीत मात्र पाण्याच्या वर तेलथेंबांचा दाट थर उरतो, साबुदाण्याच्या लापशीसारखा दिसणारा. मिठाच्या बाटलीत तो अधिक टिकाऊ असण्याची शक्यता जास्त, कारण मातीचे कण पाण्यात ऋणभारित असतात आणि एकमेकांना ढकलतात. मिठामुळे हा दुरावा कमी होतो आणि ते सीमेवर दाटीने बसू शकतात. इथे मीठ समतोल बदलत नाही, कणांचे आपसातले भांडण मिटवते. काजळीच्या बाटलीत चित्र उलटते: वर नितळ तेल आणि खाली पाण्याचे काळे थेंब, मोहरीएवढे किंवा त्याहून लहान, एकमेकांवर रचलेले आणि तरीही न मिसळलेले. बाटली तिरकी केली की ते घरंगळतात. मला हे दृश्य सूत्रापेक्षा अधिक पटवणारे वाटते.

कोणता द्रव बाहेरचा आहे याची खात्री करण्यासाठी गढूळ भागातला थेंब ड्रॉपरने पाण्यात सोडावा. तो पसरला तर बाहेर पाणी आहे. गोळीसारखा राहिला तर बाहेर तेल आहे. अशा कणांनी धरून ठेवलेल्या मिश्रणाला पिकरिंग पायस किंवा पिकरिंग इमल्शन म्हणतात. स्पेन्सर पिकरिंग यांचा यावरचा लेख १९०७चा. वॉल्टर रॅम्सडेन यांचे निरीक्षण १९०३चे, म्हणजे आधीचे, पण नाव राहिले ते पिकरिंग यांचे. कणाला जो द्रव अधिक भिजवतो तो बाहेरचा होतो, हा नियम फिंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३मध्ये मांडला. वरच्या बाटल्यांवर तो पडताळून पाहता येतो.

कॅल्शियम कार्बोनेटच्या बाटलीबद्दल मी मुद्दामच काही सांगितले नाही, कारण ती तेलावर अवलंबून असते. शुद्ध पॅराफिनमध्ये हे कण जलस्नेही राहतात आणि सीमेला फारसे धरत नाहीत. त्याऐवजी दोन-तीनदा तळण झालेले तेल घेतले तर त्यातली मुक्त मेदाम्ले कणांच्या पृष्ठावरच्या कॅल्शियमला चिकटतात, त्यांच्या तेलकट शेपट्या बाहेर राहतात आणि तोच कण तेलाकडे झुकू लागतो. प्लास्टिकच्या धंद्यात स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेले कॅल्शियम कार्बोनेट विकले जाते ते याच गुणासाठी. म्हणून नोंद करताना नुसते भुकटीचे नाव लिहू नये. भुकटी आणि तेल अशी जोडी लिहावी.

भुकटी किती घालावी?

हलवताना थेंब फुटून फार बारीक होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठ एवढे वाढते की तेवढे झाकायला कण पुरत नाहीत. हलवणे थांबले की अर्धवट झाकलेले थेंब एकमेकांत मिसळत जातात; मिसळताना एकूण पृष्ठ कमी होत जाते आणि जिथे कण सगळे पृष्ठ झाकायला पुरतात तिथे मिसळणे थांबते. म्हणजे थेंबाचा अंतिम आकार भुकटीच्या मात्रेवर ठरतो. कण गोल आणि एकाच थरात बसले असे धरले तर हिशेब सोपा आहे: थेंबाचा व्यास म्हणजे ४ गुणिले ०.९ गुणिले कणाचा व्यास, गुणिले तेलाचे आकारमान, भागिले कणांचे आकारमान. यातले ०.९ म्हणजे दाटीने बसलेले गोल कण पृष्ठाचा जेवढा हिस्सा झाकतात तो.

कणाचा व्यास १ मायक्रोमीटर आणि तेल १५ मिलिलिटर घ्यावे. कॅल्शियम कार्बोनेटची घनता २.७ असल्याने ०.३ ग्रॅम भुकटीचे आकारमान साधारण ०.११ मिलिलिटर होते. उत्तर येते सुमारे ४९० मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा मिलिमीटर, जो नुसत्या डोळ्यांना दिसतो. भुकटी दुप्पट केली की व्यास निम्मा. ०.१, ०.२, ०.४ आणि ०.८ ग्रॅमच्या चार बाटल्या करून थेंबांचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे आणि व्यासाचा आलेख काढावा. सुरुवातीला तो सूत्राप्रमाणे उतरतो. पुढे एका मर्यादेनंतर उतरणे थांबते, कारण हाताच्या हिसक्यांनी थेंब त्याहून बारीक होतच नाहीत. तिथून पुढची भुकटी रिकामी राहते आणि पाण्यात तळाशी बसलेली दिसते. मातीचे कण चपटे पापुद्रे असल्याने तिला हा हिशेब फक्त अंदाजापुरता लागू पडतो.

भुकटी जाड असेल तर एक गंमत घडते: तेलाचे थेंब बुडतात. खाद्यतेलाची घनता सुमारे ०.९२ असते; थेंबाभोवतीच्या कार्बोनेट कणांचे आकारमान तेलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास गेले की थेंबाचे सरासरी वजन पाण्याला भारी पडते. खाली गढूळ थर दिसला म्हणजे आत पाण्याचे थेंब आहेत, असे म्हणूनच लगेच ठरवू नये. ड्रॉपरची चाचणी केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

एकजीव द्रव वेगळा होत असताना कण असले तर

आतापर्यंत आपण आधीच वेगळे असलेले द्रव हलवले. एकजीव मिश्रण वेगळे होत असतानाच त्यात कण असतील तर काय होते, हा प्रश्न अधिक खोल आहे. पाणी आणि २,६-ल्युटिडिन हे द्रव थंड असताना मिसळतात आणि सुमारे ३४ अंशांच्या वर वेगळे होतात, म्हणजे फिनॉलच्या उलट. योग्य प्रमाणात घेऊन झपाट्याने तापवले तर वेगळे होताना थेंब तयार न होता दोन्ही द्रवांची एकमेकांत गुंतलेली जाळी तयार होते आणि ती हळूहळू जाड होत जाते. दोन्ही द्रवांना सारखेच आवडणारे कण त्यात असतील, तर वाढत्या सीमेवर ते अडकत जातात, सीमा आक्रसते तशी त्यांची दाटी वाढते आणि एका क्षणी जागा संपून सगळी जाळी जिथल्या तिथे थिजते. अशी रचना संगणकावर २००५मध्ये भाकीत केली गेली आणि २००७मध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या गटाने ल्युटिडिन, पाणी आणि सिलिकाचे कण घेऊन ती प्रत्यक्ष करून दाखवली. तिला बायजेल म्हणतात. यात कणांचा स्पर्शकोन ९० अंशांच्या अगदी जवळ असावा लागतो. तो ढळला की जाळीऐवजी थेंब मिळतात.

घरी हे करता येत नाही, पण त्याच्या जवळपासचा एक प्रयोग करता येतो. अल्कोहोल, पाणी आणि मीठ यांची आधीची बाटली दोनदा तयार करावी, एकीत चिमूटभर मुलतानी माती घालावी, दोन्ही सारख्या हलवाव्यात आणि थरांमधली रेषा स्पष्ट व्हायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा. तेल आणि पाणी यांच्यातल्या ताणापेक्षा या दोन थरांमधला ताण बराच कमी आहे. आधीच्या सूत्रात ताण गुणाकारात येतो, तेव्हा कणांची पकड इथे किती असेल याचा अंदाज घड्याळ लावण्याआधी वहीत लिहून ठेवावा.

पायस मोडणे

कणांनी धरलेले पायस मोडायचे तर कणाचा स्पर्शकोन बदलावा किंवा कणच नाहीसा करावा. दुसरा मार्ग पाहण्याजोगा आहे. तळणीच्या तेलाच्या ज्या कार्बोनेटच्या बाटलीत थेंब टिकले असतील, तिचे झाकण काढून त्यात हळूहळू व्हिनेगर घालावे. ०.३ ग्रॅम कार्बोनेट विरघळवायला ४ टक्क्यांचे सुमारे ९ मिलिलिटर व्हिनेगर लागते, १२ घालावे. कण विरघळतात, बुडबुडे येतात आणि थेंब मिसळून तेलाचा नितळ थर वर येऊ लागतो. झाकण लावू नये: तेवढ्या कार्बोनेटमधून जवळपास ७० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ५० मिलिलिटरची बंद बाटली तो दाब सहन करील याचा भरवसा नाही. एका विद्यार्थ्याने सवयीने झाकण फिरवले होते. सुदैवाने ते नुसते उडाले आणि छताला व्हिनेगरचा डाग राहिला.

मातीचे पायस भांडी घासायच्या द्रवसाबणाचे काही थेंब घालून मोडून पाहावे, पण ते नेहमी मोडतेच असे नाही, कारण साबण स्वतःच दुसरे पायस बनवू लागतो. काजळीची बाटली व्हिनेगरला दाद देत नाही आणि साबणाने सगळे करडे होऊन बसते. तिचे तेल कागदावर शोषून घेऊन कागद कोरड्या कचऱ्यात टाकावा आणि बाटली भंगारात द्यावी. ती घासत बसण्यात अर्थ नाही.